रायझेनवर स्वतः घडवलेला लिनक्स कर्नल: ‘नेटिव्ह सीपीयू’ पर्यायाचे परीक्षण

लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची, ६.१६ ही आवृत्ती २७ जुलै २०२५ रोजी आली, आणि आजवर बाहेरचे पॅच (स्रोतात बदल करणाऱ्या फाइली) लावून भागवावी लागणारी एक सोय तिच्यासोबत कर्नलच्या अधिकृत स्रोतात दाखल झाली. कर्नलचे पर्याय निवडण्याच्या मेनूकॉन्फिगमधल्या ‘प्रोसेसर टाइप अँड फीचर्स’ या भागात आता ‘एक्स८६ नेटिव्ह सीपीयू’चा पर्याय दिसतो. तो निवडला की ज्या यंत्रावर कर्नल कम्पाइल होत आहे, म्हणजे स्रोतातून मशीन कोड घडत आहे, त्याच यंत्राच्या प्रोसेसरला समोर ठेवून कम्पायलर मशीनच्या सूचना निवडतो. या पर्यायाबद्दल उत्साहाने बोलणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातून नेमके काय हाती लागते हे सांगणारे थोडे. म्हणून केवळ तो पर्याय न तपासता कॉन्फिग (पर्यायांची यादी) छाटणे, कम्पाइल करणे, बसवणे आणि पुढे सांभाळणे हा सगळा व्यवहार, तसेच तयार मिळणारे झॅनमॉड आणि कॅचीओएसचे कर्नल, या सर्वांचा एकत्र विचार येथे केला आहे.

माझ्या रोजच्या वापरातल्या लॅपटॉपमध्ये एएमडीचा रायझेन ५ ५६००एच आहे; झेन ३ रचना, सहा कोअर, बारा थ्रेड. तुलनेसाठी घरात एक जुना डेस्कटॉपही आहे, त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा कोअर आय५, म्हणजे आयव्ही ब्रिज. दोन्हींवर उबुंटू चालते आणि दोन्हींना उबुंटूकडून अगदी एकच कर्नल मिळतो. तो कर्नल ६४-बिट एक्स८६च्या मूळ संचासाठी कम्पाइल केलेला असतो, म्हणजे २००३ सालच्या एएमडीच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरलाही कळतील एवढ्याच सूचना कम्पायलरने त्यात वापरलेल्या असतात. मधल्या वीस-बावीस वर्षांत प्रोसेसर कितीतरी पुढे गेले. त्या प्रगतीचे २०२० साली सूचनांच्या नव्या संचांनुसार चार स्तर ठरवण्यात आले. व्ही१ म्हणजे मूळ संच. व्ही२ मध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट आले. व्ही३ मध्ये एव्हीएक्स२, बीएमआय, एफएमए आणि मूव्हबीई. आणि व्ही४ मध्ये एव्हीएक्स-५१२. रेड हॅटने आपल्या एंटरप्राइझ लिनक्सच्या ९व्या आवृत्तीत व्ही२ आणि १०व्या आवृत्तीत व्ही३ ही किमान पातळी केली. या मोजपट्टीवर माझा रायझेन व्ही३ मध्ये बसतो, तर आयव्ही ब्रिजला एव्हीएक्स असूनही एव्हीएक्स२ आणि बीएमआय नसल्यामुळे तो व्ही२ वरच थांबतो.

हा पर्याय येण्यापूर्वी अधिकृत स्रोतातली प्रोसेसरची यादी फार जुनी होती: ऑप्टेरॉन, पेंटियम ४, कोअर २ आणि अ‍ॅटम. एएमडीचे झेन किंवा इंटेलचे हॅसवेल निवडायचे तर बाहेरून मिळणारा कम्पायलर पॅच लावावा लागे. जेंटू हे लिनक्सचे वितरण वापरणाऱ्यांना ‘एक्सपेरिमेंटल’ हा यूज फ्लॅग (पॅकेज घडवण्याचा पर्याय) चालू करून तोच पॅच सहज मिळत असे, बाकीच्यांना प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो जुळतो की नाही हे पाहत बसावे लागे. ६.१६ मधला बदल त्यामानाने छोटा आणि स्वच्छ आहे. पर्याय चालू केला तर सी भाषेच्या कोडला एम-आर्क नेटिव्ह हा फ्लॅग लागतो, रस्ट भाषेतल्या भागालाही टार्गेट सीपीयू नेटिव्ह असा तोडीस तोड फ्लॅग मिळतो. बंद ठेवला तर सर्वसाधारण संच. जीसीसी हा कम्पायलर वापरत असाल तर विशेष अडचण नाही. क्लँग हा दुसरा कम्पायलर वापरायचा असेल तर मात्र १९.१ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, कारण १८ मध्ये या फ्लॅगसह नेटवर्किंगचा कोड कम्पाइल करताना काही यंत्रांवर कम्पायलर स्वतःच कोसळत असे, आणि कर्नलच्या लेखकांनी ही अट कॉन्फिगमध्येच घालून ठेवली आहे. अशी काळजी पाहिली की अधिकृत स्रोतात एखादी गोष्ट येण्याचे मोल कळते.

प्रत्यक्ष कामाकडे वळतो. स्रोताची संकुचित फाइल सुमारे दीडशे एमबीची आहे. ती उलगडल्यावर सध्या चालू असलेल्या कर्नलची कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमधून उचलून आणावी आणि नव्या पर्यायांना ठरलेली मूल्ये देणारी ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ ही आज्ञा चालवावी. उबुंटूची कॉन्फिग घेतली तर येथे एक ठरलेला अडथळा येतो: ‘सिस्टम ट्रस्टेड कीज’ या जागी कॅनोनिकलच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा मार्ग लिहिलेला असतो, ती फाइल मूळ स्रोतात नसते, आणि कम्पाइल थोडे पुढे जाऊन थांबते. ती जागा आणि रद्द केलेल्या किल्ल्यांची जागा, दोन्ही रिकाम्या केल्या की काम मार्गी लागते. डीबग माहितीही (दोष शोधताना लागणारी) सुरुवातीलाच विचारपूर्वक ठरवावी, कारण ती पूर्ण चालू ठेवली तर डिस्कवर वीस जीबीहून अधिक जागा सहज जाते.

वितरणाची पूर्ण कॉन्फिग तशीच कम्पाइल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जगातल्या यच्चयावत वायफाय चिप, अनेक डिस्क एकत्र चालवणारी रेड कार्ड आणि टीव्ही ट्यूनर यांचे ड्रायव्हर त्यात असतात; ते सगळे घडवताना बाराही थ्रेड तासन्‌तास शंभर टक्क्यांवर राहतात, आणि पुण्यातल्या एप्रिलमध्ये लॅपटॉपला ते सोसवत नाही. त्यावर उपाय म्हणजे ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’. ही आज्ञा त्या क्षणी लोड झालेल्या मॉड्यूलांची (कर्नलला गरजेनुसार जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरसारख्या तुकड्यांची) यादी पाहते आणि बाकीची सगळी मॉड्यूल कॉन्फिगमधून काढून टाकते. त्या क्षणी लोड झालेली, हे शब्द येथे फार महत्त्वाचे आहेत. आज्ञा चालवण्यापूर्वी पेनड्राइव्ह लावून उघडावा, एक्सफॅटचा आणि एनटीएफएसचाही. मोबाइलचे यूएसबी टेदरिंग एकदा सुरू करावे, ब्लूटूथवर हेडफोन जोडावा, वेबकॅम उघडावा, प्रिंटर आणि बाहेरचा मॉनिटर लावून पाहावा, व्हीपीएन आणि व्हर्च्युअल मशीन वापरत असाल तर तीही चालू करावीत. एवढी तयारी केली की हजारो मॉड्यूलांची यादी काही शेकड्यांवर येते आणि कम्पाइलचा वेळ तासांवरून मिनिटांवर उतरतो. या संपूर्ण प्रक्रियेतली मला सर्वांत आवडलेली पायरी हीच आहे, कारण आपल्या यंत्रात नेमके काय काय आहे याची इतकी नेमकी ओळख दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नाही.

आता मुख्य प्रश्न: नेटिव्ह पर्यायाने कर्नलमध्ये नेमके काय बदलते? जीसीसीला एम-आर्क नेटिव्हचा अर्थ विचारला की माझ्या लॅपटॉपवर ‘झेडएनव्हर३’ असे उत्तर येते. तयार झालेल्या कर्नलची फाइल मशीन कोड वाचून दाखवणाऱ्या ऑब्जडंपने उघडून सर्वसाधारण कर्नलशेजारी ठेवली, तर फरक डोळ्यांना दिसतो. बिट सरकवण्याच्या जागी एसएचएलएक्स आणि एसएचआरएक्स या सूचना येतात, ज्यांना सरकवण्याचा आकडा ठरावीक रजिस्टरमध्येच (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेत) ठेवण्याचे बंधन नसते. ‘आणि’ व ‘नाही’ या दोन क्रियांच्या जागी एक अँडएन येते. नेटवर्कच्या कोडमधले उदाहरण सर्वांत बोलके आहे. नेटवर्कवरून येणाऱ्या आकड्यांचा बाइटक्रम एक्स८६च्या उलट असतो, त्यामुळे पॅकेटच्या हेडरमधला पत्ता वाचताना आधी तो मेमरीतून आणायचा आणि मग बीस्वॅपने उलटवायचा, अशा दोन सूचना लागतात. मूव्हबीई ही दोन्ही कामे एकाच सूचनेत करते. कर्नलभर विखुरलेले असे बदल मोजायला गेले तर संख्या मोठी भरते.

मग एव्हीएक्स२चे, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचे, काय? व्ही३ म्हटले की बहुतेकांच्या मनात तेच येते, आणि गैरसमजाची जागाही तीच आहे. कर्नल कम्पाइल होताना एमएमएक्स, एसएसई आणि एव्हीएक्स हे तिन्ही फ्लॅग देऊन मुद्दाम बंद केलेले असतात, नेटिव्ह पर्याय चालू असला तरीही. वापरकर्त्याच्या प्रोग्रामची मोठी रजिस्टरे कर्नलने वापरायची ठरवली, तर प्रत्येक सिस्टम कॉलला आणि प्रत्येक इंटरप्टला ती जतन करून पुन्हा भरावी लागतील, आणि तो खर्च कोणत्याही लाभापेक्षा मोठा होईल. ज्या मोजक्या ठिकाणी ही रजिस्टरे खरोखर उपयोगी आहेत, म्हणजे एन्क्रिप्शन, चेकसम आणि रेडची गणिते, तेथे हाताने लिहिलेला असेम्ब्ली कोड आहे. तो एफपीयू (प्रोसेसरचा या रजिस्टरांचा विभाग) वापरण्याची परवानगी घेऊन काम करतो आणि संपताच ती परत करतो. या कोडची निवड कर्नल चालू असताना होते, कम्पाइलच्या वेळी नव्हे. बीटीआरएफएस ही फाइलप्रणाली वापरणाऱ्यांनी बूटचा लॉग उघडून पाहावा: रेड६चे मॉड्यूल निरनिराळ्या पद्धतींचा वेग तिथल्या तिथे मोजते आणि एव्हीएक्स२ची पद्धत निवडल्याचे एका ओळीत नोंदवते. सर्वसाधारण कर्नलमध्येही हीच ओळ दिसते.

याच्याही पुढे एक पायरी आहे. कर्नलमध्ये ‘आल्टरनेटिव्ह्ज’ नावाची यंत्रणा आहे, जी बूट होताना प्रोसेसर ओळखून स्वतःच्याच मशीन कोडमधल्या सूचना जागच्या जागी बदलते. उदाहरणार्थ, वापरकर्त्याच्या मेमरीतून डेटा उचलण्याच्या कामात, लहान तुकडे वेगाने हलवू शकणारा प्रोसेसर आढळला, तर सरळ रेप मूव्हएसबी ही एकच सूचना जागी राहते, नाहीतर ती पुसून तेथे फंक्शनचा कॉल बसवला जातो. झेन ३ ला ही क्षमता आहे. म्हणजे वितरणाकडून आलेला तथाकथित सर्वसाधारण कर्नल माझ्या लॅपटॉपवर उभा राहताना बऱ्याच अंशी रायझेनचा होऊनच उभा राहतो. ६.१० मध्ये डिस्क एन्क्रिप्शनसाठी व्हीएईएस आणि एव्हीएक्स२ वापरणारा नवा एईएस-एक्सटीएस कोड आला, झेन ३ ला तो चालतो, आणि त्याचा लाभ काहीही कम्पाइल न करता केवळ कर्नल अद्ययावत करणाऱ्याला मिळाला. प्रोसेसरनुरूप काम कर्नलच्या लेखकांनी आधीच किती करून ठेवले आहे, हे समजले की त्यांच्याविषयी आदर वाटतो आणि नेटिव्ह पर्यायाकडून ठेवायच्या अपेक्षाही जागेवर येतात.

माझा अनुभव या विवेचनाशी जुळणारा आहे. त्याच कॉन्फिगने एकदा पर्याय बंद ठेवून आणि एकदा चालू करून दोन कर्नल घडवले आणि रोजची कामे दोन्हींवर करून पाहिली: मोठा स्रोत कम्पाइल करणे, हजारो लहान फाइलींचे फोल्डर उलगडणे, गिटच्या मोठ्या भांडारात स्थिती तपासणे, डेटाबेसमध्ये नोंदी भरणे. जो काही फरक पडला तो एकाच कर्नलच्या दोन फेऱ्यांमधल्या चढउतारात बुडून जाण्याइतका लहान होता. याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. कोणतेही काम ‘टाइम’ आज्ञेखाली चालवले तर यूजर (प्रोग्रामच्या स्वतःच्या कोडचा वेळ) आणि सिस (कर्नलमध्ये गेलेला वेळ) असे दोन आकडे मिळतात. कम्पाइलसारख्या कामात सिसचा वाटा अगदी लहान असतो. समजा तो एकूण वेळेच्या ५ टक्के आहे आणि नव्या सूचनांमुळे कर्नल २ टक्क्यांनी वेगवान झाला, तर संपूर्ण कामात वाचणारा वेळ ०.१ टक्का भरतो. ज्यांच्या यंत्रावर सिसचा वाटाच मोठा आहे, म्हणजे सतत लहान पॅकेट हाताळणारे सर्व्हर, फायरवॉल किंवा अतिशय वेगवान एनव्हीएमई डिस्कवर भरपूर लहान वाचन-लेखन करणारी यंत्रे, त्यांनी स्वतः मोजून पाहणे सार्थ ठरेल. इंटेलचे क्लियर लिनक्स हे वितरण प्रोसेसरनुरूप बांधणीसाठी गाजले होते. २०१५ पासून चाललेला तो प्रकल्प कंपनीने जुलै २०२५ मध्ये बंद केला, पण त्याच्या वेगामागेही कर्नलइतकाच सीच्या लायब्ररीपासून कम्पायलरच्या फ्लॅगपर्यंत वापरकर्त्याच्या बाजूच्या कामाचा हात होता.

तर मग स्वतः घडवलेल्या कर्नलमध्ये जाणवण्यासारखे काय आहे? मला तीन गोष्टी जाणवल्या आणि तिन्ही कॉन्फिगमधून आल्या. इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) कितीतरी लहान झाली. बूट चटकन होऊ लागले. आणि कर्नल अद्ययावत करताना मॉड्यूल लिहिण्यात जाणारा वेळ जवळजवळ नाहीसा झाला. वितरणाच्या कर्नलमध्ये प्रोसेसरांची कमाल संख्या ८१९२ धरलेली असते, तीही मी १६ वर आणली. त्यामुळे प्रोसेसरांचा मास्क (दर प्रोसेसरला एक बिट असलेली नोंद) एकाच ६४-बिट शब्दात मावतो. त्याने लॅपटॉप वेगवान झाला असे म्हणणार नाही, पण बारा थ्रेडच्या यंत्राला साजेसा आकडा तोच आहे. याउलट ज्या बदलांसाठी लोक कम्पाइल करायला निघतात त्यांतल्या काहींना कम्पाइलची गरजच नसते. पूर्ण प्रीएम्प्शन (कर्नलचे चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्या कामाला वाव देणे) बूटच्या वेळी ‘प्रीएम्प्ट फुल’ एवढे लिहून मिळते, आणि प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणारा एएमडीचा पीस्टेट ड्रायव्हर कोणत्या रीतीने चालावा हेही बूटच्या ओळीत सांगता येते. लॅपटॉपची बॅटरी आणि प्रतिसाद यांवर या पीस्टेटचा परिणाम नेटिव्ह पर्यायापेक्षा कितीतरी अधिक आहे, म्हणून रायझेनवाल्यांनी आधी तेथे लक्ष द्यावे. छाटणी करताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी: डीबग माहिती सरसकट बंद केली की बीटीएफ (कर्नलमधल्या डेटाच्या प्रकारांची माहिती) जाते, आणि बीटीएफ गेली की ६.१२ पासून आलेली, शेड्यूलर (कोणत्या कामाला केव्हा प्रोसेसर द्यायचा हे ठरवणारा भाग) बाहेरून बदलू देणारी शेड-एक्स्ट ही सुंदर सोयही जाते.

तयार कर्नलांपैकी झॅनमॉड डेबियन आणि उबुंटूवर अ‍ॅप्टच्या भांडारातून मिळतो, आणि स्तरांनुसार वेगवेगळी पॅकेजे असतात. आपला स्तर कोणता हे एलडी डॉट एसओ या लोडरला हेल्प विचारले की शेवटच्या ओळींत ‘सपोर्टेड’ या शब्दासह दिसते. ते पाहिल्यावाचून पॅकेज निवडू नये. आयव्ही ब्रिजवर व्ही३चा कर्नल बसवला तर तो उभाच राहणार नाही. कॅचीओएस हे आर्चवर आधारलेले वितरण याहून पुढे जाते. व्ही३, व्ही४ आणि झेन ४ साठी स्वतंत्र भांडारे, बोअर शेड्यूलर, क्लँगची एलटीओ (सगळा कोड एकत्र पाहून केलेली सुधारणा), आणि कर्नलच नव्हे तर बाकीची पॅकेजेही त्याच स्तरावर घडवलेली. वर सांगितलेले गणित लक्षात घेता हाच मार्ग तर्काला अधिक धरून आहे, कारण वेळ जेथे जातो त्या यूजर बाजूलाही तो हात घालतो. नेमक्या झेन ३ साठी कम्पाइल केलेला कर्नल आणि व्ही३चा तयार कर्नल यांच्यात रोजच्या कामात फरक सांगता येईल असे मला वाटत नाही. ज्याला केवळ चपळ डेस्कटॉप हवा आहे त्याने या दोहोंपैकी एक घ्यावा.

प्रोसेसरनुरूप बांधणीत ज्याच्याकडून मला सर्वाधिक आशा आहे तो मार्ग ६.१३ पासून कर्नलमध्ये असलेला ऑटोएफडीओ हा आहे. यात प्रोसेसरच्या शाखांची (कोडमध्ये घेतलेल्या उड्यांची) नोंद ठेवणाऱ्या सोयीचा वापर करून प्रत्यक्ष कामाचा नमुना गोळा केला जातो, आणि कर्नलचे कोणते रस्ते वारंवार तुडवले जातात हे कम्पायलरला कळल्यावर तो कोडची मांडणी त्यानुसार करतो. यासाठी क्लँग लागतो आणि हार्डवेअरची साथही लागते: इंटेलवर एलबीआर, एएमडीवर झेन ४ मधली त्याची नवी आवृत्ती किंवा काही झेन ३ प्रोसेसरांतली बीआरएस. प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूइन्फोच्या यादीत ‘बीआरएस’ दिसते का हे पाहून मगच झेन ३ वाल्यांनी यात पडावे. कॅचीओएस असे नमुने वापरून घडवलेला कर्नल देते, हे त्याच्या बाजूने आणखी एक कारण.

सांभाळण्याचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो हलका नाही. स्थिर शाखेच्या दुरुस्त्या साधारण दर आठवड्याला येतात आणि त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात. कर्नल स्वतः घडवला की ती जबाबदारी वितरणाकडून आपल्याकडे येते. ६.१६ची शाखा केव्हाच बंद झाली आहे, त्यामुळे आता सुरुवात करणाऱ्याने ६.१८ ही दीर्घकालीन शाखा धरावी. नेटिव्हचा पर्याय तिच्यात आहेच. सिक्युअर बूट (सही असलेलाच कर्नल उभा करणारी सोय) चालू असेल तर स्वतःची किल्ली नोंदवून कर्नलवर सही करावी लागते. एनव्हिडियाचा किंवा दर कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने घडवणाऱ्या डीकेएमएसवर अवलंबून असलेला दुसरा ड्रायव्हर असेल, तर कर्नल ज्या कम्पायलरने घडवला त्यानेच ते मॉड्यूल घडवले जात आहे याची खातरजमा करावी, विशेषतः क्लँग वापरला असेल तेव्हा. आणि घडवलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर नेऊ नये. डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावण्याची वेळ आली तर वितरणाचा कर्नलच कामी येतो, म्हणून तो ग्रबच्या, म्हणजे बूटच्या, यादीतून कधीही काढू नये.

नेटिव्ह पर्याय म्हणून मी त्याला चांगले गुण देतो: स्वच्छ लिहिलेला, निर्धोक, आणि कर्नल घडवणारच असाल तर चालू न करण्याचे कारण नाही. फक्त त्याच्यासाठी म्हणून कर्नल घडवायला बसावे इतके त्याचे वजन नाही. ज्यांना कर्नल आतून समजून घ्यायचा आहे अशा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, आणि एकाच प्रकारची अनेक यंत्रे सांभाळणाऱ्या प्रशासकांना, ही सगळी प्रक्रिया मी मनापासून सुचवीन. मात्र प्रशासकांनी नेटिव्हऐवजी आपल्या ताफ्यातल्या सर्वांत जुन्या प्रोसेसरचा स्तर धरावा. रायझेनवर मी ६.१८चा छाटलेला, नेटिव्ह कर्नल कायम ठेवला आहे. आयव्ही ब्रिजवर मात्र उबुंटूचाच कर्नल चालू आहे: त्या यंत्रावर व्ही२च्या पुढे मिळवण्यासारखे थोडे आहे, आणि चार कोअरवर दर आठवड्याला कम्पाइल करण्यापेक्षा त्यात जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याचा उपयोग अधिक झाला.